पीलूचा कोपरा

फोटो काढताना मन्मथअप्पा कुणालाही हसायला सांगत नसत. "श्वास धरा," एवढेच म्हणत. लग्नातली नवरी असो, सत्काराला उभा राहिलेला पुढारी असो की नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेला शिपाई, सगळ्यांना तेच. समोरचा माणूस खरोखर श्वास धरून थांबे. क्लिक झाले की अप्पा म्हणत, "सोडा." कुणी कारण विचारले तर उत्तर ठरलेले होते. "हसणं खोटं करता येतंय. श्वास खोटा धरता येत न्हाई. धरला म्हंजे धरलाच."

निलंग्यात बसस्थानकाच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. नांदेडहून निघणाऱ्या आमच्या वर्तमानपत्राला ते निलंगा तालुक्यातले फोटो पाठवत. मी लातूर जिल्ह्याचे पान पाहू लागलो तेव्हा त्यांचे फोटो एसटीच्या वाहकाकडून पाकिटात येत. मागे पेन्सिलने ओळी लिहिलेल्या असत. कार्यक्रम कुठला, डावीकडून कोण कोण. एका फोटोमागे त्यांनी लिहिले होते, "उजवीकडून दुसरे गृहस्थ कोण, हे उपस्थितांपैकी कुणालाच सांगता आले नाही." ती ओळ पानात लागलीसुद्धा होती. शेवटच्या वाचनात कुणाच्या तरी लक्षात आली.

एकदा एका सभेच्या फोटोत आमदार फारच लहान दिसत होते. संपादकांनी मला फोन लावायला सांगितले आणि रिसीव्हर स्वतःकडे घेतला.

"अप्पा, साहेब एवढे बारीक कामून आले?"

"माझ्या जागेवरून तेवढेच दिसून राहिले होते," अप्पा म्हणाले.

अंगकाठी बारीक, पांढरा नेहरू शर्ट, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. गळ्यात दोन दोऱ्या असत. एका दोरीला चांदीच्या डबीतले इष्टलिंग, दुसऱ्या पट्ट्याला कॅमेरा. वाकून फोटो घ्यायचा असला की आधी डबी शर्टाच्या आत सरकवत, मग डोळा कॅमेऱ्याला लावत. कामाच्या आधी चहा घेत नसत. चहाने हात हलतो, असे त्यांचे म्हणणे होते. हात हलायला लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून ते हे म्हणत.

त्यांच्या कामाचा एक भाग आमच्या कचेरीत कुणालाच माहीत नव्हता. मला तो निलंग्याला गेल्यावर कळला. लिंगायत समाजात मृताला जाळत नाहीत, बसवून पुरतात. अंघोळ घालून, विभूती लावून, फुलांच्या मखरात बसवून मिरवत नेतात. या बसलेल्या माणसाबरोबर घरच्यांचा एक शेवटचा फोटो काढण्याची पद्धत आहे. निलंगा आणि आसपासच्या खेड्यांत हे फोटो काढायला अप्पांनाच बोलावत. लग्नाला दुसरा फोटोग्राफर चालायचा, याला नाही.

त्यांची या कामाची रीत होती. घरात फोटो घेत नसत. रुद्रभूमीवर, म्हणजे समाजाच्या दफनभूमीत, खड्डा तयार झाल्यावर, मखर खाली ठेवले की घेत. "घरी सगळे रडतेत, फोटो हलतोय. खड्ड्यापाशी आले की गप होतेत," असे त्यांनी मला सांगितले. मग म्हणाले, "न हलणारा घरी एकच असतोय."

एका बाईचा आयुष्यात कधी फोटो निघाला नव्हता. ती गेल्यावर नवऱ्याने अप्पांना विचारले, फोटोत डोळे उघडे दाखवता येतील का. पूर्वी स्टुडिओवाले रंगाने तसे करून देत. अप्पांनीही तरुणपणी एकदा एका म्हाताऱ्याच्या फोटोत डोळे रंगवले होते. त्याची मुलगी माहेरी आली, तिने फोटो पाहिला आणि विचारले, हे कोण? तेव्हापासून त्यांनी ते बंद केले. त्या नवऱ्याला ते म्हणाले, "मालक, जे हाय तेच येतंय माझ्याकडून." बाईचा मिटल्या डोळ्यांचा फोटो त्या घराच्या दारावर मी पाहिला आहे.

खड्डा खोदून होईपर्यंत, जंगम स्वामी येऊन विधी होईपर्यंत वेळ जाई. तेवढ्यात अप्पा रुद्रभूमीच्या दक्षिणेच्या कोपऱ्याकडे जात. तिथे पीलूची जुनी झाडी होती. पीलू म्हणजे ज्याच्या काड्या बाजारात मिसवाक म्हणून विकतात ते झुडूप. निलंग्याच्या आसपास आणखी दोन ठिकाणी ते होते. रस्ता रुंद करताना दोन्ही गेली. रुद्रभूमीतले राहिले, कारण तिथे रस्ता जात नव्हता.

या कोपऱ्याची गोष्ट अप्पांनी मला प्रथम सांगितली ती नांदेडच्या कचेरीत, कॅन्टीनमध्ये, चहा नाकारून. रोलचा जमाना होता. एका म्हाताऱ्या सावकाराला मखरात बसवले होते. अप्पांच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. तेवढ्यात पीलूतून एक पांढरे फुलपाखरू आले आणि सावकाराच्या गुडघ्यावरच्या शालीवर पंख मिटून बसले. मिटलेल्या पंखांचा रंग फिकट, पिवळट गुलाबी, एकही रेघ नसलेला. तसे त्यांनी कधी पाहिले नव्हते. अप्पा पुढे झाले, तर ते उडाले आणि जवळच्या मातीवर बसले. कॅमेरा तिकडे वळवावा की इकडे, हा प्रश्न होता.

"मग?" मी विचारले.

"मग काय. शेवटची फ्रेम माणसाची असतीय, पत्रकार. त्याचं घरदार श्वास धरून उभं होतं." ते मला नावाने कधी हाक मारत नसत. पत्रकारच म्हणत.

ते फुलपाखरू पुढे बरीच वर्षे त्यांच्या डोक्यात होते, पण नाव नव्हते. नाव मिळाले ते नांदेडला, एका महाविद्यालयातल्या फुलपाखरांच्या प्रदर्शनात. तिथल्या भिंतीवर बाहेरून मागवलेल्या एका फोटोसमोर ते उभे राहिले आणि हलले नाहीत. खाली लिहिले होते, 'व्हाइट अरब'. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका तिथे होत्या. त्यांना अप्पा म्हणाले, "हे आमच्याकडं हाय." मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. हे फुलपाखरू पीलूच्या पानांवरच वाढते, पीलू संपत चालले आहे आणि आपल्या भागातला त्याचा एकही फोटो आपल्याकडे नाही, असे त्यांनी सांगितले. असेल तर फोटो आणा, म्हणाल्या.

अप्पा फोटो घेऊन गेले. दोन वर्षांनी. मी त्यांना स्टेशनवरून रिक्षाने कॉलेजात नेले. डिजिटल कॅमेरा आला होता, फोटो मोठे करून आणले होते, पिशवीत वर्तमानपत्राच्या घडीत ठेवले होते. मॅडमनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिले. मग कपाटातून दुसरा फोटो काढून शेजारी ठेवला.

"अप्पा, हे बघा. वरून दोन्ही पांढरीच, टोकाला काळी. पण पंख मिटल्यावर खालून बघा. तुमच्या फोटोत शिरा काळ्या आहेत. हे पायोनियर. आपल्याकडे पुष्कळ आहे. अरबच्या पंखाला खालून अशा शिरा नसतात."

अप्पांनी दोन्ही फोटो हातात धरून बराच वेळ पाहिले. मग हसले.

"म्हंजे दोन साल मी दुसऱ्याच माणसाचा फोटो काढून राहिलो होतो."

"तुम्ही पाहिलेलं तेच असेलही," मॅडम म्हणाल्या. "पण मला खालची बाजू हवी. पंख मिटलेले, स्पष्ट. तेवढा एक फोटो."

बाहेर आल्यावर मला वाटले ते खट्टू झाले असतील. ते म्हणाले, बाई बरोबर बोलल्या, चला लंगरला जाऊ. नांदेडला आले की ते गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात जेवल्याशिवाय परत जात नसत. पंगतीत बसून डाळ दोनदा घेतली. परतीच्या गाडीपर्यंत ते त्या एका फोटोबद्दलच बोलत होते. ते फुलपाखरू ऐन उन्हात उडते, जमिनीला धरून उडते, बसते ते क्षणभर, आणि बसले तरी पंख मिटेलच असे नाही. "मेलेला माणूस बरा," ते म्हणाले. "बसला की बसतोय."

याच सुमाराला त्यांचे हात हलायला लागले.

आधी उजवा, मग दोन्ही. लातूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. अप्पांनी लग्ने सोडली. स्टुडिओ पुतण्या शिवराजकडे दिला. अप्पांना मूलबाळ नव्हते, शिवराजला त्यांनीच धंद्यात आणले होते. तो आता ड्रोन उडवतो, लग्नाआधी नवरा-नवरीला शेतात पळवून त्यांचे व्हिडिओ काढतो. चांगला मुलगा आहे. मृतांचे शेवटचे फोटो काढण्याचे अप्पांचे कामही त्याच्याकडे गेले. अप्पा बरोबर जात आणि शिवराजमागे उभे राहून "श्वास धरा" तेवढे म्हणत.

त्याच वर्षी समाजाच्या समितीने रुद्रभूमी नीट करायचे ठरवले. भिंत, फरशी, बसायला शेड. झाडझुडूप काढून जमीन सपाट करायची होती. समितीचे अध्यक्ष विश्वनाथअण्णा, तूर-हरभऱ्याचे अडते, अप्पांच्या वर्गातले. अप्पा त्यांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "दक्षिणेचा कोपरा तेवढा राहू द्या."

"कामून?"

"राहू द्या. मी बसतो तिथं."

अण्णा म्हणाले, "अप्पा, गावातल्या सगळ्या मेलेल्यांना तुम्ही सांभाळलं. तुम्ही हयात हाव तोवर त्या कोपऱ्याला कुणी हात लावणार न्हाई. जिम्मा माझा."

हे अप्पांनीच मला सांगितले. मी विचारले, खरे कारण का सांगितले नाही?

"काय सांगू? त्या झाडावर अळ्या हायत म्हणून सांगू? ह्या मुलखात अळी म्हटली की माणूस पंप काढतोय. दुसऱ्या दिवशी फवारा मारला असता, तो बी फुकटात, समाजसेवा म्हणून." शिवाय फुलपाखराचे नाव निघाले तर मोबाइल घेऊन पोरे येतील, झाडी तुडवतील. "एक फोटो येऊ द्या. मॅडमनी हे तेच हाय म्हटलं की त्यांनाच निलंग्याला नेतो अन् अण्णाला समोर बसवून सांगतो. माझ्या एकट्याच्या बोलण्यावर म्हातारा चळला म्हणतील. फोटो असला की माणूस ऐकतोय."

म्हणजे त्या कोपऱ्याचा जीव एका फोटोवर होता, आणि फोटो काढणाऱ्याचे हात हलत होते.

कॅमेऱ्याला तिकाटणे लावून पाहिले. ते लावेपर्यंत फुलपाखरू उडून जाई. शिवराजला सांगावे, असे मी एकदा सुचवले.  अप्पांनी त्याला खरोखरच एकदा तिथे नेले होते, असे नंतर कळले. त्याला ऊन सोसले नाही, दोन तासांत तीन फोन आले, आणि अप्पांनी त्याला काय शोधायचे आहे हे न सांगताच परत पाठवले.

मग त्यांनी बायकोचा खांदा घेतला.

महानंदाकाकू ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, बोलायला फटकळ. जमिनीवर मांडी घालून बसल्या की त्यांचा खांदा बरोबर झुडपाच्या खालच्या फांद्यांच्या उंचीला येई. अप्पा त्यांच्या मागे गुडघ्यावर बसत आणि कॅमेरा त्यांच्या उजव्या खांद्यावर टेकवत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाजार समितीच्या एका बातमीसाठी निलंग्याला गेलो होतो. स्टुडिओत शिवराज म्हणाला, दोघे रुद्रभूमीत आहेत, रोज असतात. एप्रिल होता, ऐन दुपार होती. मी गेलो तेव्हा पीलूच्या जेमतेम सावलीत काकू पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्याचे नळकांडे बाहेर आले होते.

"या पत्रकार," काकू न वळता म्हणाल्या. "जित्या बायकोला रोज मसणात आणून बसिवणारा नवरा बगितलाय का कुठं? छापा हे."

"उगं बोलू नकोस," अप्पा मागून म्हणाले. "खांदा हलतोय."

"हात तुमचा हलतोय अन् नाव माझ्या खांद्याचं."

"आलं. आलं बग. श्वास धर."

"चाळीस साल धरलाय. सोड कवा म्हणणार?"

पण त्यांनी श्वास धरला. पाठ ताठ झाली, खांदा दगडासारखा झाला. मला मातीलगत काहीतरी पांढरे सरकल्यासारखे दिसले, एवढेच. कॅमेरा वाजला. अप्पा म्हणाले, "सोड." काकूंनी श्वास सोडला आणि मागे न पाहता विचारले, "मिटले होते का?"

"न्हाई. उघडेच होते."

"मग उद्या," काकू म्हणाल्या आणि गुडघे चोळत उठल्या. उठताना त्यांनी एक फांदी वाकवली, पान उलटे केले आणि मला जवळ बोलावले. पानाच्या पाठीवर देठाएवढी बारीक हिरवी अळी होती. दाखवल्याशिवाय दिसली नसती. "हे ह्यांना न्हाई दिसत. चष्मा लावून बी न्हाई दिसत. मी दाखिवते," त्या म्हणाल्या आणि फांदी हळूच सोडली.

फोटो त्या उन्हाळ्यात आला नाही. पुढच्या वर्षी मेच्या सुरुवातीला आला. दुपारी मी कचेरीत असताना मोबाइलवर आला, त्याखाली पूर्वीच्या पाकिटामागे असायची तशी ओळ होती. "डावीकडून: फुलपाखरू, पंख मिटलेले. उजवीकडे महानंदाच्या पदराची कड." फोटोत पीलूच्या काडीवर ते बसले होते. पंख खालून फिकट पिवळट गुलाबी, एकही काळी शीर नाही. पायावरचे केससुद्धा मोजता आले असते. उजव्या कोपऱ्यात हिरव्या पदराचा एक तुकडा धूसर होऊन आला होता.

मी तो मॅडमना पाठवला. त्यांनी फोन केला. त्यांच्या आवाजावरूनच कळले. ते तेच होते, शंका नव्हती. परीक्षांचे काम आटोपले की मी स्वतः निलंग्याला येते, म्हणाल्या. मी अप्पांना कळवले. 

"म्हंजे ते तेच हाय," अप्पा म्हणाले.

"हाव अप्पा."

"सावकाराच्या शालीवरचं."

"तेच."

"बरं झालं." मग त्यांनी नांदेडला ऊन कसे आहे ते विचारले.

बातमी आतल्या पानावर तीन परिच्छेदांची लागली. अप्पांच्या दोन अटी होत्या. जागेचे नाव द्यायचे नाही, आणि पदर कापायचा नाही. मॅडमचेही जागेबद्दल तेच म्हणणे होते. आम्ही 'निलंगा परिसरात' असे छापले. पदर पान लावणाऱ्याला नको होता, मी ठेवायला लावला. निलंग्यात त्या दिवशी अंक सगळीकडे फिरला. विश्वनाथअण्णांनी दुकानात पेढे वाटले. न्हावी म्हणाला, अप्पा, आमच्या परसात रोज धा येतेत, त्यांचा बी फोटो टाका की. ही पाकोळी नेमकी कुठे सापडली, असे लोक विचारत. अप्पा हात उत्तरेकडे हलवत. काकूंनी मला फोनवर सांगितले की आता हात हलला तरी कुणाला कळत नाही, खरेच दिशा दाखवतात की आजार आहे.

जागा तिघांना माहीत होती. अप्पांना, काकूंना आणि मला. मॅडमना रुद्रभूमी एवढेच माहीत होते, कोपरा नाही.

मॅडमचे परीक्षांचे काम संपायच्या आत, मेच्या शेवटी, अप्पा गेले. पहाटे पूजेला बसले होते, तळहातावर लिंग घेतले होते, तसेच बसल्या जागी. शिवराजचा फोन सकाळी आला. पुरणे दुपारी होते. मी मिळेल त्या एसटीने निघालो, लातूरला गाडी बदलली. निलंग्यात उतरलो तेव्हा मिरवणूक रुद्रभूमीच्या वाटेला लागली होती. बाजारपेठ बंद होती. पुढे भजनी मंडळी, मागे फुलांचे मखर, मखरात अप्पा. कपाळावर विभूतीच्या रेघा, गळ्यात एकच दोरी. दोन्ही हात मांडीवर होते आणि ते हलत नव्हते. त्यांचे स्थिर हात मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो.

फाटकातून आत गेलो आणि दक्षिणेला पाहिले. कोपरा मोकळा होता.

पीलूची सगळी झाडी बुंध्यापासून तोडलेली होती. फांद्या भिंतीला लावून ढीग केला होता, पाने उन्हाने वळली होती. मधली जमीन झाडून, पाणी मारून स्वच्छ केली होती आणि तिच्यात नवा खड्डा होता. कडेला रांगोळी घातली होती.

विश्वनाथअण्णा पुढे आले. डोळे सुजले होते. माझा हात धरून म्हणाले, "पत्रकारसाहेब, जागा बगा. अप्पाला लई प्यारी होती. बसायचा तिथं तासन् तास. आम्ही मनलं, आता दुसरीकडं कुठं न्यायचं त्याला? पोरं सकाळधरून राबली. एकानं बी मजुरी घेतली न्हाई. मी अप्पाला शब्द दिला होता, हयात हाय तोवर हात लावणार न्हाई. न्हाई लावला."

त्यांचे म्हणणे खरे होते. कोपरा त्यांनी अप्पांसाठी राखला होता आणि अप्पांनाच दिला होता. शिवराजच्या तळहातांना फोड आले होते. कोयता त्यानेही चालवला होता.

काकू बायकांबरोबर मागून आल्या. सकाळपासून त्या अप्पांजवळून उठल्या नव्हत्या. जागेबद्दल त्यांना कुणी विचारले नव्हते, या वेळी बाईमाणसाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून. फाटकातून आल्या, चार पावले चालल्या आणि थांबल्या. शिवराज धावत त्यांच्याकडे गेला.

"काकू, अप्पाच्याच जागेवर केलंय. आम्ही सगळ्यांनी मिळून साफ केली."

काकूंनी ढिगाकडे पाहिले. मग त्याच्या फोड आलेल्या हातांकडे पाहिले.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ गेलो. माझ्या तोंडून काहीतरी निघणार होते. त्यांनी मान हलवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता कुणाला काय सांगता. मायेनं केलंय पोरांनी. आज कळलं तर जन्मभर खाईल त्यांना." त्या ढिगाकडे गेल्या, खाली बसल्या, एक फांदी उचलली आणि पाने एकेक करून उलटी करू लागल्या. बायकांना वाटले दुःखाने भान नाही. एका पानाशी त्या थांबल्या. ती डहाळी मोडून घेतली, तिचा देठ ओल्या पदराच्या टोकात गुंडाळला आणि हातात धरली.

"नांदेडला कुठं हाय का हे झाड?" त्यांनी मला विचारले.

"बघावं लागेल," मी म्हणालो. मला माहीत नव्हते. नंतर शोधले. मॅडमनीही शोधले.

स्वामींनी विधी सुरू करण्याआधी मखर खड्ड्याच्या कडेला, रांगोळीपाशी ठेवले. शेवटच्या फोटोची वेळ झाली. मागे भाऊबंद उभे राहिले, समितीचे लोक उभे राहिले, विश्वनाथअण्णा पागोटे सारखे करून एका बाजूला उभे राहिले. काकूंना अप्पांच्या शेजारी बसवले. त्या मांडी घालून बसल्या, उजवा खांदा मखराला टेकलेला, हातात ती डहाळी. अप्पांचा जुना कॅमेरा घेऊन शिवराज समोर गेला. त्याने डोळा लावला आणि बोलायला तोंड उघडले. जे शब्द इथे दरवेळी त्याच्या मागून कुणीतरी बोलत असे, ते त्याला म्हणायचे होते.  शब्द आले नाहीत.

 काकूंची पाठ ताठ झाली. खांदा स्थिर झाला. त्यांनी श्वास धरला होता.

कॅमेरा वाजला. शिवराजने तो खाली घेतला आणि बाहीने डोळे पुसले. मागचे लोक हलले, कुणी खोकले, कुणी मखराच्या दांड्यांना हात घातला. अण्णांनी काकूंना उठवायला हात पुढे केला. काकू तशाच बसून होत्या, ताठ, समोर पाहत. सोडा, असे अजून कुणी म्हटले नव्हते.